कृष्णाचं लग्न, चाहत्यांचा रुसवा

महानायकाची प्रेमकथा पुढच्या अंकांत सुरू होणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी कॉमिक्सच्या चाहत्यांत जे रण माजतं ते पाहून मानपानावरून मांडव डोक्यावर घेणाऱ्या व्याह्यांनीही हात टेकावेत. अंक छापखान्यात गेलेला नसतो, नायिका कोण हेही पक्कं नसतं; पण ‘आमचा माणूस असलं काही करणारच नाही’ हा निकाल लागून गेलेला असतो. हा माणूस इमारतींवरून उड्या मारतो, छातीवर तोफगोळे झेलतो, मेलाच तर वर्ष-दोन वर्षांत परत येतो. ते सगळं त्याच्या स्वभावात बसतं. त्यानं कोणाला लग्नाचं विचारणं तेवढं बसत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत शिरलेल्या वेताळाची डायना 1936 पासून कथेत होती. दोघांचं लग्न लागलं 1977 साली. एवढ्या काळात आपल्याकडे नातवाची मुंज उरकते. स्पायडर-मॅनचं लग्न 1987 मध्ये लावलं आणि 2007 मध्ये सैतानाशी सौदा करून ते पुसून टाकलं: मे काकूचा जीव वाचवायचा, बदल्यात हे लग्न कधी झालंच नव्हतं असं जगानं समजायचं. असा अर्ज आपल्या कुठल्या कौटुंबिक न्यायालयात अजून आलेला नसावा. संपादकांचं दुखणं एवढंच होतं, की बायको असलेला नायक थोराड वाटतो. 2018 मध्ये बॅटमॅनच्या पन्नासाव्या अंकात लग्न ठरलं, तर कॅटवूमननं ऐन वेळी पाठ फिरवली. आणि ही बातमी अंक दुकानात येण्याआधीच न्यूयॉर्क टाइम्सनं फोडली. चाहत्यांना आधी लग्न ठरलं याचा राग होता, मग मोडलं याचा आला.

या भांडणात तक्रारी ठरलेल्या असतात. मूळ कथेत हे नाही, नायकाच्या स्वभावाला हे धरून नाही, आणि पैसे आम्ही मोजतो तेव्हा आम्हाला विचारा. या तिन्ही तक्रारी वरवरच्या आहेत असं माझं म्हणणं आहे. खरं दुखणं लेखणी कोणाच्या हातात गेली हे असतं. प्रेमप्रकरण हे त्याचं निमित्त. हे तपासायचं तर नायक तोच, प्रेमही तेच, पण लिहिणारे हात वेगळे असा दाखला हवा. अमेरिकेत तो मिळणं कठीण, कारण तिथे नायक कंपनीच्या मालकीचा. तो मिळतो तंजावूरच्या राजवाड्यात. आज तिथे लोक तिकीट काढून दरबार हॉलमधले रंगीत खांब पाहतात, सरस्वती महालातली हस्तलिखितं काचेतून न्याहाळतात आणि उन्हानं हैराण होऊन बाहेर पडतात. पण शे-दीडशे वर्षं या आवारातला एक मोठा उद्योग एकाच महानायकाच्या प्रेमकथेचे नवनवे भाग काढणं हा होता. नायक श्रीकृष्ण. कधी त्याच्या जागी विष्णू, कधी तिरुवारूरचा त्यागेश, आणि कवीला वर्षासनाची फारच निकड असली तर खुद्द महाराज.

व्यंकोजीराजांचे चिरंजीव शाहजी यांनी 1684 ते 1712 राज्य केलं आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहिली, की नाटकं लिहून उरलेल्या वेळात राज्य केलं, हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या ‘सीता स्वयंवर’पेक्षा दीडशे वर्षांनी जुनं, त्यावरून पहिलं मराठी नाटक कुठलं हा वाद घालता येतो, आणि विषय संपले की आपण तो घालतोच. त्यांचं ‘पंचभाषा विलास’ आजच्या प्रकाशकांनी मुळातून पाहावं. चार प्रांतांच्या चार राजकन्या, चौघींचा जीव एकट्या कृष्णावर, आणि प्रत्येक जणी आपापल्या भाषेत बोलते: एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी, एक हिंदी. कोणती नायिका नायकाला शोभते यावर आज चाहत्यांचे तट पडतात. शाहजींनी प्रत्येक तटाला त्याची नायिका त्याच्याच भाषेत काढून दिली आणि भांडणाची सोयच ठेवली नाही. राजाच्या घरात मराठी, दरबारी काव्यात तेलुगू आणि दाराबाहेर तमिळ असलेल्या गावाला हे सुचणं साहजिक होतं.

पुढे कुरवंजी या नाट्यप्रकाराची चलती झाली. त्याचा साचा असा: नायिका सख्यांबरोबर चेंडू खेळत असते, समोरून देवाची किंवा राजाची मिरवणूक जाते, नायिका घायाळ होते. मग चंदनाचा लेप, तो वाळून जाणं, चंद्राला शिव्या, सखीला निरोप देऊन पिटाळणं. शेवटी डोंगरातली कुरवंजी येते, हात पाहते आणि ‘येतोय गं तो’ असं सांगून बिदागी घेऊन जाते. दुसऱ्या सरफोजी महाराजांवर तमिळमध्ये जी कुरवंजी रचली गेली तीत मदनवल्ली नावाची नायिका महाराजांसाठीच झुरते, आणि तिचे प्रयोग बृहदीश्वराच्या देवळात होत. कंपनीच्या मालकानंच महानायक व्हावं, हा प्रयोग बाकीच्या जगाच्या बराच आधी इथे झाला. स्वतः सरफोजींचा कल मात्र वेगळा होता. ग्रंथसंग्रह, वैद्यक, शाळा यांत रमलेल्या या राजानं मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. तिच्यात देवेंद्राच्या विरहात बसलेल्या नायिकेपुढे कुरवंजी येते आणि पृथ्वीवरची खंडं, देश, शहरं सांगत सुटते. नायिका झुरते आहे आणि समोर भूगोलाचा तास चालू आहे. ‘लेखकानं प्रेमकथेची वाट लावली’ असं ओरडायचा हक्क जगात कोणाला असेल तर तो त्या रात्रीच्या प्रेक्षकांना होता. तरी ही नाटिका कोणी बुडवली नाही. लेखक गादीवर होता.

याच राजवाड्यात प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1739 ते 1763 या काळात, मुद्दुपळनी नावाची गणिका होती. तिनं तेलुगूत ‘राधिका सांत्वनम्’ रचलं. राधेनं इला नावाच्या मुलीला लहानाची मोठी केलेली आहे, आणि तिचं लग्न ती स्वतःच कृष्णाशी लावून देते. पहिल्या रात्रीआधी इलेनं कसं वागावं हे ती समजावते. आणि पोर अजून कोवळी आहे, जपून वाग, असं कृष्णालाही बजावते. हे सगळं थोर मनानं पार पडतं आणि दार लागल्यावर तिच्या पोटात कालवाकालव सुरू होते. स्वतःच लावलेलं लग्न तिला सोसत नाही. मग रुसवा, आणि मग विश्वाच्या धन्याची मनधरणी करताना उडालेली त्रेधा. काव्यात इच्छा कृष्णाचीही आहे, पण बोलते राधेची. वर प्रस्तावनेत मुद्दुपळनी आपली विद्या, आपलं रूप, आपल्याला मिळालेला मान आणि आपल्या आजी-आईची परंपरा ठणकावून सांगते. पुरुष कवी या जागी ‘मी पामर’ म्हणून पायाशी बसतो आणि पुढे हजार श्लोक सोडत नाही. हिनं ती औपचारिकता गाळली.

दीडशे वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. 1887 मध्ये पुस्तक छापलं गेलं, पण बाईचा आणि तिच्या घराण्याचा परिचय त्यातून गळाला. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेनं हस्तलिखित मिळवून ताडून पाहिलं आणि 1910 मध्ये परिचयासकट पुस्तक पुन्हा काढलं. मग संस्कृतीला जाग आली. आघाडीवर होते कंदुकुरी वीरेशलिंगम, विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेले मोठे सुधारक. काव्यातले भाग बाईच्या कानांवरही पडू नयेत असे, आणि ते बाईच्याच तोंडून आलेले, असा त्यांचा संताप होता. 1911 मध्ये मद्रास सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. हे माझ्या म्हणण्याला कसं लागू पडतं ते पाहा. याच तंजावूरला नायक राजांच्या दरबारात येऊन गेलेल्या क्षेत्रय्यानं आपल्या पदांत कृष्णाला ज्या अवस्थेत उभं केलं आहे ती वर्तमानपत्रात सांगता येणार नाही. तो थोर पदकर्ता. कृष्णदेवरायाच्या पदरच्या नंदी तिम्मनाच्या काव्यात तर सत्यभामा कृष्णाच्या डोक्यावर लाथ मारते, ते अभिजात. वीरेशलिंगमांनी स्वतः हात फिरवून छापायला दिलेलं ‘वैजयंतीविलासम्’ काय सोवळ्यातलं आहे काय, आणि लाजलज्जा एकट्या बायकांनीच बाळगायची काय, हा नागरत्नम्मांचा उलटा सवाल होता. त्याला सरळ उत्तर आलं नाही; पोलीस आले. तेव्हा नायक तोच, शृंगार तोच, आणि बदललेली गोष्ट एकच.

यावर आक्षेप येईल, की देवाची गोष्ट आणि चड्डी बाहेरून घालणाऱ्यांची गोष्ट एका मापानं मोजता काय? मापाचं पाप माझं नाही. 1960 च्या दशकात अनंत पैंनी अमर चित्र कथेत पौराणिक मालिका सुरू केली तेव्हा पहिला मान कृष्णालाच दिला. दुसरा आक्षेप मूळ कथेचा, आणि तो सगळ्यांत तगडा समजला जातो. पण भागवतात राधेचं नावच नाही. जिच्यावरून एवढं रामायण झालं ती नायिकाच मागून आलेली. जयदेवापासून पुढे कवींनी आणि भक्तांनी ती इतकी मोठी केली की आता तिला काढायला गेलात तर कृष्ण उघडा पडेल. मराठी वाचकानं तर मूळ कथेचा कैवार घेऊच नये. पंढरपूरला रखुमाईचं देऊळ वेगळं का, तर देवाजवळ राधेला पाहून ती रुसली आणि दिंडीरवनात निघून गेली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्या कथेनुसार विठोबा पंढरपुरात आला तोच बायकोची समजूत काढायला. कावेरीकाठच्या भजनसंप्रदायात राधाकल्याणम् करतात, म्हणजे भक्तमंडळीच राधाकृष्णाचं लग्न लावतात, आणि दरसाल लावतात. ज्या लग्नाला भागवताचा आधार नाही ते इथे वर्षाच्या वर्षाला होतं. तिकडे वीस वर्षांचा रीतसर संसार सैतानाला सही करून दिला गेला. स्वभावाशी इमानदार कोण, हे चाहत्यांनी ठरवावं.

पैशाचा आक्षेप त्यामानानं फुटकळ आहे. अंकाचे पैसे मोजले म्हणजे अंक आपला होतो, त्यातली माणसं नव्हेत. उरतो एकच आक्षेप, आणि तो मला मान्य आहे: कथा मुळातच वाईट असली तर? तर तसं म्हणावं. संवाद फुसके आहेत, चित्रं घाईत काढली आहेत, नायिकेला नायकाची वाट पाहण्यापलीकडे काम नाही, ही टीका कोणाही लेखकाला लागू होते आणि तिला बंदीची गरज पडत नाही. मुद्दुपळनीवरची बंदी टंगुटुरी प्रकाशम यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात उठली आणि 1952 मध्ये पुस्तक पुन्हा छापून आलं. त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या. तोवर तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी त्यांनी स्वतःच्या पैशानं बांधून घेतली होती, आणि बायकांनी तिथे गावं यासाठीही त्या भांडल्या होत्या. वीरेशलिंगमांच्या बाजूनं मात्र एक गोष्ट नोंदवायलाच हवी. आज जो अंक निघायचाच आहे त्यावर निकाल देणाऱ्यांना ती जड जाईल. त्यांनी आधी पुस्तक वाचलं होतं, आणि बहुधा शेवटपर्यंत.