१८० दिवसांचे नाना

नानांना "कसे आहात?" असं विचारलं, की उत्तर येतं, "एकशे बारा." हा रक्तदाब नव्हे. न्यू जर्सीहून निघाल्याला आज एकशे बारावा दिवस, एवढाच त्याचा अर्थ. उद्या विचाराल तर एकशे तेरा.

कोथरूडच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असे एक नाना असतात. मुलगा अमेरिकेत जातो, यथावकाश तिथला नागरिक होतो. एकवीस पूर्ण झालेल्या नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, आणि या अर्जाला भावाबहिणींच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नसते. मग निवृत्तीनंतर, आरामखुर्ची घ्यायच्या वयात, माणूस अमेरिकेचा कायमचा रहिवासी होतो. आणि त्या 'कायमचा'मधून दर वर्षी सहा महिने सुटी काढून कोथरूडला येतो.

"सहा महिन्यांत एकदा पाय लावून आलं की झालं," हे कट्ट्यावरचं कायद्याचं ज्ञान. नानांना ते पटत नाही, कारण त्यांनी वकिलाला पैसे मोजलेत. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं, तर परतताना नव्याने प्रवेश मागणारा म्हणून तुमची तपासणी होऊ शकते. वर्ष उलटलं, तर नुसतं कार्ड दाखवून आत जाता येत नाही. पण १८०च्या आत आलात म्हणून सुटलात असंही नाही. तुमचं बिऱ्हाड खरोखर कुठे आहे, हे अधिकारी बघतो. आणि ते तर सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे.

म्हणून नानांची फाइल. तिच्यात न्यू जर्सीच्या बँकेची स्टेटमेंटं आहेत, तिथलं राज्याचं ओळखपत्र आहे, दातांच्या डॉक्टरचं बिल आहे. मुलगा राहतो त्या एडिसनच्या ग्रंथालयाचं कार्डही आहे. ग्रंथालयातून नाना पुस्तक आणत नाहीत, पावती आणतात. चिरंजीवांच्या घराचं पाण्याचं बिल त्यांनी हट्टाने स्वतःच्या नावावर करून घेतलं. "बाबा, पैसे मी भरतो, नाव तुमचं," मुलगा म्हणाला. "तेच तर हवंय," नाना म्हणाले.

करांच्या बाबतीत तर नाना सोवळ्यातले. कोथरूडच्या बँकेतल्या मुदतठेवीचं व्याज ते अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवतात. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याचं वेगळं निवेदन भरतात. कट्ट्यावरचं कुणीतरी एकदा म्हणालं, "नॉन-रेसिडेंट म्हणून भरा की नाना, कर वाचेल." नाना ताडकन उठले. "म्हणजे मी तिथे राहत नाही असं सरकारला स्वतःच्या सहीने कळवू?" त्यांच्या आवाजात असा दुखावलेपणा होता, की ते दोन महिन्यांपासून इथेच राहताहेत याची आठवण करून द्यायचा धीर कुणाला झाला नाही.

सगळ्यात अवघड काम कॅलेंडरचं. एप्रिलच्या हापूसला आलं, तर दिवाळीपर्यंत १८० दिवस केव्हाच उलटून जातात. म्हणून दर वर्षी आंबा की दिवाळी यावर घरात वाद होतो. नानांच्या पत्नी माई आंब्याच्या बाजूच्या. नाना दिवाळीच्या, कारण नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण नानांना बँकेत जाऊन जिवंत असायला आवडतं. २०२४ साली तर निवडणूक आयोगानेही त्यांचा विचार केला नाही. पुण्यात लोकसभेचं मतदान १३ मेला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. मधले दिवस १९१. नागरिकत्व अजून भारताचंच, तेव्हा मत देणं हे कर्तव्य. पण नानांना त्या वर्षी एकच सरकार निवडता आलं.

२०२० हे मात्र त्यांच्या आयुष्यातलं सुवर्णवर्ष. मार्चअखेर आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद झाली तेव्हा नाना पुण्यात होते, आणि १८० दिवस पहिल्यांदाच राजरोस ओलांडले गेले. संकट आलं, पण कारणासकट आलं. उड्डाणबंदीच्या सरकारी आदेशाची प्रत फाइलमध्ये अजून वरच्या बाजूला आहे.

बी विंगमधल्या अण्णांकडे री-एन्ट्री परमिट आहे. त्यावर दोन वर्षांपर्यंत बाहेर राहता येतं. फक्त अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. अण्णा दिवस मोजत नाहीत, आंबा आणि दिवाळी दोन्ही खातात. "परमिट म्हणजे हमी नव्हे," असं नाना त्यांना जिन्यात गाठून सांगतात. अण्णा आंब्याची पेटी खाली न ठेवता ऐकून घेतात.

निघायच्या आठवड्यात तालमी सुरू होतात. वयस्कर प्रवाशांना विमानतळावर आय-४०७ नावाच्या फॉर्मवर सही करायला लावतात, अशा बातम्या २०२५ मध्ये आल्या. त्यावर सही म्हणजे कार्ड स्वखुशीने सोडलं. तेव्हापासून नाना खिशात पेन ठेवत नाहीत. "सही करायची नाही. न्यायाधीशासमोर सुनावणी मागायची," हे माईंना पाठ करायला लावलंय. अबुधाबीमार्गे तिकीट स्वस्त पडलं तरी ते घेत नाहीत, कारण तिथे अमेरिकेचा अधिकारी विमानात चढण्याआधीच गाठतो. "नकार मिळायचाच, तर तो अमेरिकेच्या जमिनीवर मिळू दे," हे नानांचं धोरण.

"व्हेअर डू यू लिव्ह?" नाना अधिकारी होऊन विचारतात.

"कोथरूड," माई सांगतात.

"अगं, एडिसन!"

"बरं, एडिसन. पण मग पोळ्यांच्या बाईंना किती दिवसांची सुटी सांगू?"

प्रत्यक्षात नेवार्क विमानतळावर अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, "वेलकम होम" म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. नानांची फाइल अर्धी उघडलेली. एवढी तयारी करून आलेल्या विद्यार्थ्याला पेपरच दिला नाही, तसा त्यांचा चेहरा झाला. "घराला कुलूप लावून आलोय आणि हा वेलकम होम म्हणतो," असं माई मराठीत म्हणाल्या, ते बरंच झालं.

मुलगा अधूनमधून सुचवतो, की कार्ड परत करा आणि दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा घ्या. मनात येईल तेव्हा या, मनात येईल तेव्हा जा. सल्ला शहाणपणाचा आहे. पण व्हिसा घेतला, की म्हातारपणी राहायचं कुठे याचा निकाल लागला. कार्ड असेपर्यंत तो प्रश्न दर सहा महिन्यांनी पुढे ढकलता येतो. हे नाना बोलत नाहीत. ते म्हणतात, "असू दे. काही मागतंय का?"

मागत होतं. दहा वर्षांची मुदत संपत आली होती. शहात्तराव्या वर्षी नानांनी नूतनीकरणाचा अर्ज भरला, आणि नवं कार्ड आलं त्या दिवशी ते माईंना म्हणाले, "बघ, शहाऐंशीपर्यंत आहे. इथलं सरकार दर नोव्हेंबरला विचारतं, जिवंत आहात का? त्यांनी एकदम दहा वर्षांचं धरून टाकलं."

"मग साखरेच्या गोळ्या बंद करू का?" माईंनी विचारलं.