शेप धरा!

सामना संपून वीस मिनिटं झाली होती. शून्य-शून्य. गंगावेशीत गवळीमामा म्हशीच्या कासेला पाण्याचा हात लावत बसले होते आणि आम्ही सातजण त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे. चरवीत पहिली धार पडली, चर्रर्र आवाज आला आणि मेडिकलवाले दाजी म्हणाले, "दुपारपासनं पहिल्यांदा कायतरी आत गेलं बगा."

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं वाचून परक्याला वाटतं, हे आखाडे आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. आणि ते आखाडेच. तांबड्या मातीत घुमणारी पोरं कधीतरी बॉलच्या मागं लागली, पाटी मात्र तालमीचीच राहिली. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात आणि मग उन्हं तापेपर्यंत एक स्पर्धा संपते न संपते तोच दुसरी उभी. एरवी एका ताटात जेवणारी माणसं त्या दिवसांत पेठ बघून पाणी पितात. आमची तालीम कोणती, ते मी लिहिणार नाही. माझ्या घराला रस्त्याच्या अंगाला तीन खिडक्या आहेत आणि तिन्हींना काचा आहेत.

तर आमच्या तालमीनं यंदा कोच बदलला. नवे सर परीक्षा देऊन, लायसन काढून आलेले. त्यांच्याकडं वही आहे, शिट्टी आहे आणि पाच डिफेंडर आहेत. पूर्वीचे कोच सामन्याआधी एकच वाक्य सांगायचे, "पोरांनो, पेठेची अब्रू हाय." एवढ्यावर पोरं पेटायची. गोल व्हायचे, गोल बसायचे, कधी कधी दोन-चार जणांना लाल कार्ड मिळायचं, पण काहीतरी व्हायचं. सर मात्र साइडलाइनवर उभं राहून सगळा वेळ एकच ओरडतात, "शेप धरा! शेप सोडू नका!"

पहिल्या सामन्यात गवळीमामा पायरीवर माझ्या शेजारी होते. त्यांनी तीनदा ऐकलं आणि मग कानाशी येऊन विचारलं, "शेप कुणाची धरायची म्हणतोय ह्यो?" त्यांच्या धंद्यात शेप एकच असते आणि ती मागच्या बाजूला असते. मी समजावलं की शेप म्हणजे आकार, म्हणजे पोरांनी आपापल्या जागा धरून राहायचं, रांगा मोडायच्या नाहीत. मामांनी मैदानाकडं बघितलं. आमची दहाच्या दहा पोरं आपल्या पेनल्टी बॉक्सपुढं दाटीवाटीनं उभी होती. "धरा म्हणतोय खरं," मामा म्हणाले, "पोरांनी तर घातलीया."

त्या दिवसापासून आमच्या खेळाला पेठेत हेच नाव पडलं. सर वहीत काय लिहितात ठाऊक नाही. आम्ही शेपूटच म्हणतो.

दोष सरांचा की गावाचा, हे ठरवणं अवघड आहे. राजर्षी शाहूंचं खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं. तिथं आमच्या आजोबा-पणजोबांनी जे बघितलं ते अंगात मुरलेलं आहे: कुस्ती म्हणजे निकाली. पाठ मातीला लागली, संपला विषय. गुण मोजून जिंकणं ही गादीवरची सोय. दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून पाच मिनिटं नुसते गोल फिरायला लागले की मागून हाळी येते, "अरं, कुस्ती करताय का लगीन ठरवताय?" अशा गावात सरांनी चार सामन्यांत चार बरोबऱ्या आणल्या. त्यातल्या तीन शून्य-शून्य. चौथ्यात एक-एक झालं, कारण समोरच्या डिफेंडरनं बॉल चुकून आपल्याच गोलात मारला. तो आमचा हंगामातला सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू. पुढच्या वर्षी त्याला आपल्याकडं घ्यावं, असा ठराव कट्ट्यावर एकमतानं मंजूर आहे.

कट्ट्यावर पक्ष दोन. एक 'हाण की' पक्ष आणि दुसरा 'दमानं घ्या' पक्ष. दुसऱ्या पक्षात सध्या एकच सभासद आहे, माझा भाचा. तो पुण्यात आयटीत असतो, शनिवारी येतो आणि येताना आकडे घेऊन येतो. परवा म्हणाला, "मामा, आज आपला एक्सजी शून्य पूर्णांक चार होता. म्हणजे आपण जेवढ्या संधी तयार केल्या, त्यातून एवढे गोल अपेक्षित होते."

"आणि झाले किती?" दाजींनी विचारलं.

"शून्य."

"मग ते पूर्णांक चार कुठं हाईत?"

"कागदावर."

"उधारी म्हण की सरळ," दाजी म्हणाले. तिसाव्या वर्षापासून मेडिकल चालवणारा माणूस. उधारी त्याला लांबून ओळखू येते.

भाच्यानं हार मानली नाही. त्यानं ग्रीस काढला. २००४ च्या युरोत जर्मन कोच ओट्टो रेहागेल यांनी ग्रीसला असंच बांधून खेळवलं. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स, उपांत्य फेरीत चेक, अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगाल, तिघांनाही एक-शून्य. कप घेऊन गेले अथेन्सला. त्याच वर्षी, म्हणे, टॉटनहॅमनं गोलात नुसती गर्दी केली म्हणून चेल्सीचे मोरिन्हो चिडले आणि म्हणाले, ह्यांनी बस आणून लावली. पुढं स्वतः मोरिन्होंनीच इतक्या बसा लावल्या की त्यांचं नाव घेतलं की लोकांना डेपो आठवतो. गॅरेजवाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ग्रीसनं एक तर मारला नव्हं? आपली बस नुसती लागलीया. इंजिनच न्हाई."

इंजिन म्हणजे आमचा नऊ नंबर. गेल्या हंगामात ह्याच पोरानं पायऱ्यांवरची म्हातारी माणसं नाचवली होती. यंदा त्याच्या नावावर गोल नाही. फॉर्म का गेला ह्यावर कट्ट्यावर जेवढं संशोधन झालं, तेवढं विद्यापीठात झालं असतं तर दोघा-तिघांच्या नावामागं डॉक्टर लागलं असतं. पहिला सिद्धांत: मे महिन्यात त्याचं लग्न झालं. दुसरा: त्यानं केस कापले. तिसरा: बूट पांढरे घेतले, पूर्वीचे काळे लाभत होते. चौथा सिद्धांत दाजींचा आणि सर्वांत वजनदार. सरांनी त्याला डाएटवर घातलं, आहारातून तांबडा-पांढरा काढला आणि उकडलेली ब्रोकोली सुरू केली. "रस्सा काढला की मागं ऱ्हायलं काय माणसात?" दाजींच्या ह्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

मी एकदा दुसऱ्या हाफमध्ये फक्त त्याच्यावर नजर ठेवून बसलो. बॉल त्याच्याकडं अकरा वेळा आला. चार वेळा डोक्याच्या दोन हात वरून गेला. तीन वेळा तो मिळाला तेव्हा त्याच्या अंगावर दोन डिफेंडर होते आणि आपला सर्वांत जवळचा माणूस साठ पावलांवर, शेप धरून. दोनदा ऑफसाइड. एकदा त्यानं थ्रो-इन घेतला, म्हणजे स्वतःच्याच हातानं बॉल दुसऱ्याला देऊन टाकला. उरलेल्या एका वेळी त्यानं तीस यार्डांवरून हाणला आणि बॉल स्टेडियमबाहेरच्या रिक्षावर पडला. पायऱ्यांवरून जी शिवी आली ती कौटुंबिक होती.

भाचा त्याच्या बाजूनं उभा राहिला, हे सांगायला हवं. म्हणाला, २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सचा नऊ नंबर जिरू सात सामने खेळला, गोल तर नाहीच, गोलकडं नेमका जाणारा एक फटका नाही, तरी फ्रान्सनं कप जिंकला. "मग त्याच्या घरच्यास्नी कुणी विचारलं असंल की, काय केलंस?" गॅरेजवाल्याची शंका. भाच्यानं मग १९८२ चा पाओलो रोस्सी काढला. बंदी भोगून नुकताच परतलेला, पहिल्या चार सामन्यांत एकही गोल नाही, सगळी इटली म्हणत होती ह्याला बसवा. कोचनं बसवलं नाही. पाचव्या सामन्यात समोर ब्राझील होतं आणि पठ्ठ्यानं तीन मारले.

हे ऐकून पेन्शनर आबांनी हातातला दुधाचा ग्लास खाली ठेवला.

आबा ब्राझीलचे. वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात गल्लीचे दोन भाग होतात, अर्धी पिवळी, अर्धी आकाशी. चौकात मेस्सी आणि नेमार पुढाऱ्यांपेक्षा मोठे होऊन उभे राहतात. आबांनी बार्सिलोनातला तो सामना पाहिलेला नाही, पेपरात वाचलेला. पण त्यांचं दुःख प्रत्यक्षदर्शी आहे. "बरोबरी पुरत होती रं ब्राझीलला," ते म्हणाले. "दोन-दोन झालं हुतं. गप बसायचं. चार माणसं मागं ठेवायची, बॉल इकडनं तिकडं घालायचा, पंधरा-वीस मिनिटं काढायची. पर न्हाई. ह्यास्नी अजून एक पायजे हुता. तीन-दोन. घरला." हेच आबा स्टेडियमवर गेल्या चार सामन्यांत शिरा ताणून "हाण की रं, वर चढ की रं" ओरडत होते. त्यांना कुणी हे दाखवून दिलं नाही. त्यांचं वय एकोणऐंशी आहे आणि हातात काठी असते.

देशाच्या संघाचीही चर्चा झाली, पण ती लवकर आवरली. एकोणचाळीस वर्षांचा सुनील छेत्री २०२४ च्या जूनमध्ये रिटायर झाला आणि गोल करायला दुसरा कुणी मिळेना म्हणून पुढच्या मार्चमध्ये त्यालाच परत बोलावलं. शिलाँगला बांगलादेशाशी शून्य-शून्य झालं. "म्हंजे आपला रोग वरनं आलाय," दाजी म्हणाले आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं. आपल्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, हा मुद्दा दर चर्चेत एकदा निघतो, सगळे मान डोलावतात आणि पुन्हा नऊ नंबरला शिव्या सुरू होतात.

ह्या सगळ्या वादात फॉर्म म्हणजे काय हे ज्याला खरं कळतं, तो माणूस खाली बसून धार काढत होता. गवळीमामा मान वर न करता म्हणाले, "म्हशीवर वराडलं की म्हस पान्हा चोरती. दूध असतंय, पर सोडत न्हाई. कासंला हात लावून, पुढ्यात मूठभर पेंड टाकून गप बसावं लागतंय. तुमी चारशे जण मिळून त्याच्यावर वराडताय." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गॅरेजवाला म्हणाला, "पर मामा, म्हशीला ब्रोकोली घातली तर?" आणि गाडी परत रुळावर आली.

मला मात्र गेल्या वर्षीची एक गोष्ट आठवते, जी कट्ट्यावर कुणी काढत नाही. गेल्या वर्षी आम्ही एक सामना चार-शून्य जिंकलो होतो. धोबीपछाड, चितपट, सगळं. संध्याकाळी कट्ट्यावर आलो तर सगळे खूश होते आणि कुणालाच काही बोलायचं नव्हतं. "भारी झाली मॅच." "लै भारी." "नाद खुळा." एवढं झाल्यावर आबा खाकरले, दाजींनी दुकान उघडं राहिल्याचं सांगितलं आणि दहा मिनिटांत कट्टा रिकामा. मामांच्या चरवीत तीन लिटर दूध शिल्लक राहिलं. यंदा चार बरोबऱ्यांत रात्री साडेनऊपर्यंत कोंडाळं हलत नाही, दुसऱ्या म्हशीची धार काढावी लागते. सरांच्या खेळाचा फायदा झालेला अख्ख्या पेठेत मामा हा एकच माणूस. म्हणून ते सरांविषयी कधी वाईट बोलत नाहीत, असा माझा संशय आहे.

तर त्या संध्याकाळी आवाज टिपेला पोचला होता. दोन स्ट्रायकर हवेत, पाचचे तीन डिफेंडर करा, वही रंकाळ्यात टाका, अशा मागण्या होत होत्या. आबांनी काठी आपटून जाहीर केलं, "समोर आला तर तोंडावर सांगीन मी त्या सराला." आणि गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. सर होते. मागं नऊ नंबर.

पुढचा सगळा प्रसंग एका मिनिटाचा. आमच्यातले पाचजण आपोआप म्हशीच्या मागं सरकले. दाजी पुढं एकटे उरले आणि तेही पाठ फिरवून. भाच्याची नजर मोबाइलवर गेली. गॅरेजवाला खाली बसून म्हशीचा खूर तपासायला लागला. इतकी शिस्तबद्ध रांग आमच्या संघानं अख्ख्या हंगामात लावली नसेल.

"नमस्कार मंडळी," सर म्हणाले. "काय म्हणता? कसं वाटलं आज?"

"बरं झालं की सर," दाजी म्हणाले. "शेप चांगला हुता."

सर हसले. दमलेले दिसत होते. अर्धा ग्लास मागितला त्यांनी. नऊ नंबर गाडीवरून उतरला नाही. मामांनी न विचारता पूर्ण ग्लास भरला, वर फेसाचा डोंगर, आणि त्याच्या हातात नेऊन दिला.

"रविवारच्या सामन्याचं डोक्यात आहे," सर म्हणाले. "चार बरोबऱ्या झाल्या, लोक नाराज आहेत, मला कळतंय. दोन स्ट्रायकर लावून बघू म्हणतो. आबा, तुम्ही एवढी वर्षं बघताय. तुम्ही सांगा."

सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. समोरच्या संघात यंदा घाना की नायजेरियाचा एक सहा फुटी गडी आलाय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"दोन?" आबा म्हणाले. "रिस्क हाय सर. एक पॉइंट आला तरी बास हाय की."

दाजींनी मान डोलावली. गॅरेजवाल्यानंही, खालूनच. सरांनी खिशातून वही काढली आणि लिहून घ्यायला म्हशीच्या अंगाला दोन पावलं सरकले.

"सर, मागं व्हा," गवळीमामा म्हणाले. "शेपंचा फटका बसंल."