साठापासून पुन्हा सुरू

सप्टेंबर उजाडला की मराठवाड्याला दोन गोष्टी नव्याने मिळतात, आणि दोन्ही जुन्याच असतात. एक, मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे जाहीर होणारं पॅकेज. दुसरी, एनबीए टूके नावाचा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम. २०२३ साली तर दोघांमध्ये जेमतेम आठवड्याचं अंतर होतं. ८ सप्टेंबरला टूके २४ बाजारात आला आणि १६ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाने बसून पंचेचाळीस हजार कोटींच्या वरचा आकडा जाहीर केला. गेमच्या वेष्टनावर कोबी ब्रायंट होता. पॅकेजच्या बॅनरवर कोण कोण होतं ते सांगायला या सदराची जागा पुरायची नाही.

पॅकेजची त्याआधीची गाजलेली आवृत्ती २०१६ ची, ४९ हजार २४८ कोटींची. ती ४ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे छपाईला जरा उशीरच झाला. नव्या आवृत्तीत नवं किती आणि मागचंच किती, असं विचारणारी खडूस माणसं दोन्हीकडे असतात. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नसतं. मराठवाडा वॉटर ग्रिड घ्या. सरकारं आली, गेली, परत आली. पडद्यावर ‘लोडिंग’चं वर्तुळ फिरतंच आहे. गेम बंद पडलाय असं कुणी म्हणू नये, तो लोड व्हायलाय.

या गेमशी माझी ओळख भाच्यामुळे झाली. तो लातूरला सिग्नल कॅम्पातल्या ट्यूशन एरियात खोली करून राहतो आणि नीटची तयारी करतो. ऑनलाइन लेक्चरसाठी त्याला लॅपटॉप घेऊन दिला, तेव्हा त्यात एवढं महागाचं ग्राफिक्स कार्ड कशाला, असं दाजींनी विचारलं होतं. ‘ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतले रेणू थ्रीडीत फिरवून बघायला,’ असं उत्तर मिळालं. दाजींना ते पटलं. आमच्या पिढीला केमिस्ट्रीच्या नावाखाली काहीही विकता येतं.

मी नांदेडहून त्याला भेटायला गेलो की रेणू फिरत असतात. साडेसहा फूट उंचीचे, घामेजलेले.

आता खरं सांगायचं तर गेम देखणा आहे. १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठी तो पहिल्यांदा आला, अ‍ॅलन आयव्हरसनला वेष्टनावर घेऊन. तेव्हापासून व्हिज्युअल कन्सेप्ट्स या स्टुडिओने माणसाची चाल उचलण्यात जी मेहनत घेतलीय तिला तोड नाही. फ्री थ्रोच्या आधी कोणता खेळाडू चेंडू कसा आपटतो, स्टीफन करी तोंडातलं गार्ड कसं चघळतो, हरायला लागल्यावर कुणाचे खांदे आधी पडतात, हे सगळं त्यात आहे. टूके २४ पासून तर खऱ्या सामन्यांच्या चित्रणातूनही हालचाली उचलतात. केविन हार्लनची कॉमेंटरी एवढी खरी की तो सुट्टीत घरी खेळत असला की त्याची आई, म्हणजे आक्का, शेजारच्या खोलीतून ‘टीव्ही बंद कर’ म्हणून ओरडते. टूके २३ मध्ये १९८३ सालापासून खेळ सुरू करून मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड यांच्या काळात संघ चालवता येतो. माझ्या मते या मालिकेतली ही सगळ्यात चांगली कल्पना. इतिहास हा विषय एवढ्या आवडीने शिकवल्याचं आमच्याकडे दुसरं उदाहरण नाही.

आणि पोरगं बास्केटबॉल शिकलं, हे कबूल करायला हवं. त्याच्या गावच्या शाळेत सिमेंटचं कोर्ट आहे. त्यावर शिक्षकांच्या मोटारसायकली लागतात. रिंग आहे, जाळी नाही. तरी चेंडू हातात नसलेल्या खेळाडूने काय करायचं असतं, पिक अँड रोल कधी लावायचा, समोरच्याचा सेंटर ढिला असेल तर चेंडू कुठे न्यायचा, हे त्याला नीट कळतं. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ मुंबईत येऊन खेळून गेले, तेव्हा हा शाळकरी होता. आज त्या दोन्ही संघांच्या राखीव खेळाडूंची नावं तो पाठ म्हणतो. टूके २५ च्या एका वेष्टनावर असलेली एजा विल्सन त्याला ठाऊक आहे. भारताच्या महिला संघाची कप्तानी केलेली शिरीन लिमये पुण्याची आहे हे ठाऊक नाही. दोष त्याचा नाही. ती गेममध्ये नाही.

एवढं कौतुक पुरे. आता दुकानाकडे वळू.

दुकान एकच आहे, सगळी गोम तिथंच. ईए कंपनीचा एनबीए लाइव्ह नावाचा स्पर्धक होता. २०१० मध्ये त्यांनी ‘एनबीए एलिट ११’ काढायचं ठरवलं, आणि त्याच्या नमुना आवृत्तीत अँड्र्यू बायनम हा खेळाडू मैदानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून येशूसारखा उभा राहिला तो हलेचना. गेम बाजारात येण्याआधीच गुंडाळला. पुढे अधूनमधून धडपड करून २०१८ च्या एनबीए लाइव्ह १९ नंतर त्यांनी कन्सोलवरचा हा नाद सोडला. विरोधक असा मैदानाच्या मधोमध हात पसरून उभा राहिला की पुढे काय होतं, ते महाराष्ट्राला सांगायला नको.

टूकेमध्ये तुम्ही स्वतःचा खेळाडू बनवता. चेहरा तुमचा, उंची तुमच्या मनाची. त्याचं रेटिंग सुरू होतं ६० पासून. साठचा खेळाडू म्हणजे ज्याला मोकळं सोडलं तरी रिंगऐवजी प्रेक्षकांत चेंडू जातो असा. सराव करून, सामने खेळून तो हळूहळू सुधारतो, फार हळूहळू. लवकर सुधारायचा असेल तर व्हीसी लागतात. व्हीसी म्हणजे गेममधला पैसा, आणि तो खऱ्या पैशाने विकत मिळतो. साठाचे पंच्याऐंशी करायचे तर व्हीसींचा आकडा लाखांत जातो. आधीच नव्या कन्सोलसाठी २०२० पासून गेमची किंमत ७० डॉलर, त्यावर हे. शिवाय शूज, टी-शर्ट, टॅटू, सगळ्याला व्हीसी. शहरात हिंडायला गेलात की चकाचक दुकानं लागतात. घामाने ६८ वर पोहोचलेला माझा भाचा कोर्टवर उतरला की समोर पहिल्या दिवशीच पैसे मोजून ८५ झालेला कुणीतरी उभा. तो याला उडी मारून ओलांडतो.

‘तू एवढं तास-तास खेळतोस, मग तो कसा पुढे?’ मी विचारलं.

‘मामा, त्यानं मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंय,’ भाचा म्हणाला.

यापुढे मी त्याला गेमविषयी काही समजावत बसलो नाही. २०२४ च्या नीट पेपरफुटीत नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरातल्या दोन जिल्हा परिषद शिक्षकांना ताब्यात घेतलं, गुन्हा नोंदला, प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं. त्या गल्ल्यांतून रोज टेस्ट सिरीजला जाणाऱ्या पोराला, रेटिंग विकत मिळतं यात धक्का बसण्यासारखं काय उरणार?

एवढं करून ते रेटिंग टिकतं का? तर पुढच्या सप्टेंबरात नवा गेम येतो, तुमचे व्हीसी जुन्यातच राहतात, आणि खेळाडू पुन्हा साठ. साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी जुन्या गेमचे सर्व्हर बंद होतात. मग ज्याच्यासाठी पैसे ओतले तो तुमचाच चेहरा तुम्हाला भेटायचा बंद होतो. तोवरही इंटरनेट गेलं की तो दिसत नाही. आमच्याकडे वीज गेली की इंटरनेट जातं, आणि वीज कधी जाते हे विचारणारा माणूस मराठवाड्यातला नव्हे.

इंटरनेटचंही एक गणित आहे. टूके २५ पीसीवर घ्यायचा तर १५० जीबी जागा लागते. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायला १०० दिवस. म्हणजे सप्टेंबरात बटण दाबलं तर पहिला चेंडू डिसेंबरात हवेत जाणार. तोवर अमेरिकेत निम्मे संघ निराश झालेले असतात.

पीसीवाल्यांची तर वेगळीच रड होती. नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या कन्सोलवर नव्या पिढीचा गेम आला. पीसीवर मात्र टूके २१, २२, २३, २४ अशी चार वर्षं मागच्या पिढीचाच माल नव्या वेष्टनात आला. टूके २४ वर तर स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकांनी इतके वाईट शेरे मारले की तिथल्या सगळ्यात नावडत्या गेममध्ये त्याची गणना झाली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये पीसीला बरोबरीचा गेम मिळाला. चार वर्षांत अनुशेष भरून निघाला म्हणून जगभर पोरांनी जल्लोष केला. आमचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून दिलाय. जल्लोषाची तारीख कळवू.

गेममध्ये पत्त्यांची पाकिटंही असतात. पैसे द्या, पाकीट फोडा, आत जॉर्डन निघतो किंवा ज्याचं नाव त्याच्या आईलाही आठवत नाही असा कुणी निघतो. २०१९ मध्ये टूके २० च्या जाहिरातीत स्लॉट मशीन फिरताना दाखवली आणि युरोपात त्या गेमवर शिक्का होता ‘वय वर्षं ३ पासून पुढे’. म्हणजे अंगणवाडी. बेल्जियमने पैशाच्या पाकिटांना जुगार ठरवून २०१८ मध्येच बंदी घातली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे खेळ बंद. कायदा वाचून मी निश्चिंत झालो. भरलेले पैसे परत मिळण्याची आशा असेल तर गुन्हा. आशाच नसेल तर निखळ मनोरंजन. भाचा दुसऱ्या वर्गात मोडतो.

या कायद्याच्या आदल्याच महिन्यात, जुलैत, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात स्किप करत होतो, असा त्यांचा खुलासा. महाराष्ट्र हसला. मी हसलो नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये टूके २१ च्या लोडिंगमध्ये, पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये, स्किप न होणाऱ्या जाहिराती घुसवल्या होत्या. बोंब झाल्यावर पुढे असं होणार नाही असं कंपनीने सांगितलं. ज्याने त्या जाहिरातीसमोर अंगठा बडवलाय त्याला मंत्र्यांची व्यथा कळते. कळली नाही ती लातुरातल्या छावा संघटनेला. २० जुलैला त्यांनी कोकाटेंच्याच पक्षाचे नेते सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते फेकले आणि मग संघटनेच्याच कार्यकर्त्यांना मारहाण झाली. या डावात पत्ते फेकणाऱ्यालाच पान लागत नाही हे तेव्हा कळलं. मंत्रिमहोदयांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. करिअर मोडमध्ये एवढी सुरेख पोझिशन बदललेली मी पाहिलेली नाही.

रोस्टर अपडेटची तक्रार मात्र मला कधीच पटली नाही. खेळाडू संघ बदलतात आणि गेम मागे पडतो, असं भाचा म्हणतो. लुका डॉन्चिचला डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये रातोरात लॉस एंजेलिसला देऊन टाकलं तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. मी म्हटलं, बाळा, तू नांदेडचा भाचा आहेस. १३ फेब्रुवारी २०२४ ला अशोक चव्हाण काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेची उमेदवारी. त्या वर्षी एनबीएची अदलाबदलीची मुदत ८ फेब्रुवारीलाच संपली होती. आमच्याकडे मुदत नसते. शिवाय तिकडे खेळाडूला नवी जर्सी संघ देतो. इकडे पुढारी गेला की गल्लीतल्या कार्यकर्त्याने गमछा, झेंडा, गाडीवरचं स्टिकर आणि घराच्या भिंतीचा रंग स्वखर्चाने बदलायचा, त्याला कुठले व्हीसी?

भाच्याचा यंदाचा निकाल लागला. मार्क थोडक्यात हुकले. लातुरात सगळ्यांचे थोडक्यातच हुकतात. रिपीटर बॅच लावायची ठरली. दाजी आणि मी त्याच्याबरोबर गेलो. काउंटरवर फीचा आकडा ऐकून दाजींनी चष्मा पुसला.

‘मागच्या वर्षीच्या नोट्स हायत की घरी,’ ते म्हणाले. ‘त्याच चालत्याल का? तेवढे कमी करा.’

‘काका, यंदाचं मटेरियल अपडेटेड आहे,’ काउंटरवरची मुलगी म्हणाली.

‘सिलॅबस बदललाय?’

‘नाही, सिलॅबस तोच.’

‘मग?’

तिने नव्या संचातलं एक पुस्तक उचलून पुढे सरकवलं. कव्हरवर यंदाचे टॉपर होते, ॲप्रन घालून, हाताची घडी घालून. दाजींनी ते उलटसुलट करून पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढून पिन टाकला.