सिंह पाहिल्याचा पुरावा कसा जमवावा

सिंह बघणे आणि सिंह बघितल्याचे सिद्ध करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याला डोळे पुरतात. दुसऱ्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँडसारख्या खासगी अभयारण्यात जावे लागते. हे रान क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहे. मधले कुंपण १९९३ साली काढून टाकल्यामुळे प्राणी इकडून तिकडे फुकट हिंडतात. आपण मात्र लॉजचा एका रात्रीचा दर खाली बसूनच विचारावा. क्रूगरमध्ये गाडीने रस्ता सोडायचा नसतो. इथे ती बिबट्यामागे काट्याकुट्यांत घुसते, अंधार पडल्यावरही फिरते, आणि एका प्राण्याभोवती दोन-तीनच गाड्या असतात. पैसे पडतात ते याचे.

गळ्यात निदान चारशे मिलिमीटरची लेन्स असावी. ती वापरता आलीच पाहिजे असे नाही. शेजारच्या पाहुण्याची सहाशेची निघाली तर ‘मला प्राण्यांच्या वर्तनात जास्त रस आहे’ असे म्हणून दुर्बीण डोळ्याला लावावी. उघड्या गाडीत ट्रायपॉडची अडचणच होते, म्हणून लेन्स टेकवायला धान्य भरलेली छोटी पिशवी न्यावी. डाळ भरली तरी चालते, फक्त परत आल्यावर तिची आमटी करू नये.

जून ते ऑगस्ट हा तिथला कोरडा हिवाळा. गवत वाळते, पाणवठे आटतात आणि प्राणी दिसतात. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ एवढ्या भूगोलावर आलेली मंडळी पहाटेच्या फेरीत गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून दात वाजवत असतात. त्यांचे फोटो हमखास हलतात.

पहिले इम्पाला हरिण दिसताच गाडी थांबवायला लावून चाळीस फोटो काढावेत. दुसऱ्या दिवसापासून, पानात रोजचेच वरण पडल्यासारखे, ‘इम्पालाच आहे’ म्हणावे. कारण आता ‘बिग फाइव्ह’ पुरे करायचे असतात: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. पायी शिकार करायला ही पाच जनावरे सर्वांत अवघड आणि धोक्याची, म्हणून शिकाऱ्यांनी केलेली ही यादी. यात जिराफ का नाही, यावरून रेंजरशी हुज्जत घालू नये. गेंडा मिळाला तर फोटोतून जागेचा पत्ता काढून मगच तो पाठवावा. शिंगासाठी त्याला मारणारेही फोटो बघतात. (हे मात्र गंमत म्हणून सांगत नाही.)

सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास लोळण्यात घालवतो. त्यामुळे आपल्या वाट्याला बहुधा पोट आणि चार तळवे येतात. त्याला उठवायला शुकशुक करू नये, आणि उभे तर मुळीच राहू नये. गाडी आणि आतली माणसे मिळून त्याला एकच मोठा आकार वाटतो. उभे राहिलात की त्यातून तुम्ही वेगळे निघता. जांभई येईपर्यंत थांबावे. फोटोत ती डरकाळीच दिसते.

बॉनेटच्या कोपऱ्यावरच्या खुर्चीत ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, बसतो, बहुतेकदा तिथल्या शांगान समाजातला. तो हात वर करतो, उतरतो आणि वाळूतल्या ठशाशी वाकतो. कड ढासळली आहे का, दव ठशाच्या आधी पडले की नंतर, एखादा किडा त्यावरून चालत गेला का, हे बघून तो जनावर कधी गेले आणि कुठे गेले ते ठरवतो. सबंध सफारीत बघण्यासारखे हेच आहे, असे माझे मत. तुम्ही तेवढ्यात बॅटरी बदलून घ्यावी. सगळे तेच करतात.

घरी आल्यावर नातेवाइकांना बोलावून फोटो टीव्हीवर लावावेत. बिबट्याचा सर्वांत देखणा फोटो, सोनेरी उन्हात मारुला झाडाच्या फांदीवरचा, शेवटी ठेवावा. तो येताच जुन्नरचे मामा चष्मा पुसतील आणि म्हणतील, “हा होय? परवाच आमच्या उसातून निघाला. कुत्रं नेलं.” वाद घालू नये. चहा पुढे करावा आणि पुढच्या वर्षी मामांकडे जायचे ठरवावे.