भविष्याला स्थगिती

वाळूज-गंगापूरकडच्या शेतकऱ्याला पेरणीआधी एक जुनी खोड होती: दिवाळीला काय भाव निघेल, याचा अंदाज बांधण्याची. सोयाबीन घ्यावं की मका, या विचारात माणूस रात्र काढायचा. २० डिसेंबर २०२१ रोजी बाजार नियामक ‘सेबी’ने ही जागरणं संपवली. महागाईवर औषध म्हणून सोयाबीन, हरभरा, गहू, मूग यांच्यासह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या भावाचे आजचे सौदे, एका वर्षासाठी स्थगित. गुण आला म्हणून मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. मार्च २०२५ मध्ये थेट पुढच्या मार्चपर्यंत नेली. (गुण आला तर औषध थांबत का नाही, असं विचारू नये.)

फायदा डोळ्यांसमोर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजार ओलांडले होते. २०२४ च्या हंगामात ते ४,८९२च्या हमीभावाखाली, जमिनीला पाय टेकून उभं होतं. इतक्या खालून पडण्याची भीती नसते.

शेजारी एमआयडीसीतले कारखानदार तांब्या-ॲल्युमिनियमचे वायदे अजून खुशाल बघतात. धातूंना महागाईची लागण होत नसावी.

हाच न्याय आता पुढे न्यावा. हवामान खात्याचे अंदाज थांबवले की दुष्काळ आपोआप टळेल. पंचांगातून अमावास्या वगळली की चंद्रही वठणीवर येईल.

भविष्याचा एकच सौदा तेवढा सुटला: कृषी सेवा केंद्रात बियाणं आज, पैसे माल निघाल्यावर, व्याज मात्र आत्ताच ठरलेलं.