चेटकिणीचे वजन आणि रुग्णाचे वजन

नेदरलँड्समधील औदेवाटर या छोट्या गावात सोळाव्या-सतराव्या शतकांत चेटूक केल्याचा आळ आलेल्या माणसांना वजनघरातील भल्यामोठ्या तराजूत तोलले जाई आणि वजन अंगकाठीला साजेसे भरले, की तसा अधिकृत दाखला दिला जाई; हवेत उडणारी चेटकीण हलकीच असणार, असा त्यामागचा समज. समज खुळचट होता, तरी तोलणे चोख होते, कारण दाखला न मिळाल्यास पुढे चिता होती.

आज समज शास्त्रीय आहेत. मेंदूतील गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध दर किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, पण कमाल 90 मिलिग्रॅम द्यायचे, हे ठरलेले आहे; मात्र तो किलो पुष्कळदा घाईत नजरेनेच अजमावला जातो किंवा रुग्णालाच विचारला जातो, आणि उंची थोडी वाढवून व वजन थोडे घटवून सांगणे हा तर जगन्मान्य शिष्टाचार आहे (जगातील सर्वांत उंच लोकांत गणल्या जाणाऱ्या डचांना त्यातील निम्म्याची गरज नसावी). कर्करोगाच्या अनेक औषधांची मात्रा ‘शरीर-पृष्ठफळा’वर, म्हणजे उंची व वजन यांवरून काढलेल्या अंगाच्या एकूण पृष्ठभागाच्या अंदाजावर ठरते, त्यासाठीचे ड्यू बॉइस यांचे 1916 चे सूत्र अवघ्या नऊ जणांच्या मापांवर उभे आहे, आणि त्यात कधीकधी ऐकीव आकडे घालूनही उत्तर मात्र दशांशचिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत काढले जाते.

औदेवाटरचे वजनघर आता संग्रहालय आहे, आणि तेथे पर्यटकालादेखील काट्यावर प्रत्यक्ष तोलूनच दाखला देतात.