कोरड्या पायांचा चाचा

भर समुद्रात जहाजे अडवून त्यांवरील माल लुटणाऱ्यास मराठीत चाचा म्हणतात, आणि चाच्यावरील चित्रपटात थोडा समुद्र, थोडी लूट व निदान एखादा फुटका डोळा असावा, ही तिकीट काढणाऱ्याची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. तथापि व्हिन्सेंटे मिनेली दिग्दर्शित ‘द पायरेट’ (१९४८) या अमेरिकन संगीतपटाच्या कथेत एकही जहाज लुटले जात नाही. कॅरिबियन मुलखातील मॅन्युएला (ज्यूडी गार्लंड) माकोको नामक चाच्याची वर्णने वाचून त्याच्यावर भाळलेली असते, मात्र तिचे लग्न ठरते ते डॉन पेद्रो (वॉल्टर स्लेझाक) या स्थूल, सुखासीन नगराध्यक्षाशी. आणि हाच गृहस्थ पूर्वाश्रमीचा माकोको असून त्याला आता समुद्राचे नावही नकोसे झालेले असते, ही या कथानकातील खरी गंमत होय.

या निवृत्तीमुळे रिकामी पडलेली चाच्याची जागा सेराफिन (जीन केली) हा फिरता नट बळकावतो. तो गावोगावच्या सर्व तरुणींना ‘नीन्या’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘मुली’, अशी एकच हाक मारून स्मरणशक्तीवरील ताण वाचवतो, गच्च्यांवरून नाचत फिरतो आणि आपणच माकोको असल्याची थाप मारतो. ती थाप उघडकीस येताच मॅन्युएला घरातील हाती लागेल ती वस्तू त्याच्यावर फेकते, आणि चित्रपटातील सर्वांत घनघोर लढाई ती हीच. पुढे फाशीची तयारी झाली असताना सेराफिन अखेरचा एक प्रयोग करण्याची परवानगी मागतो व ती मिळते, याचे संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी रसिकास मुळीच नवल वाटणार नाही.

पडद्यावर न झालेली लूट पडद्याबाहेर मात्र यथासांग झाली. फाशीपूर्वीच्या त्या प्रयोगात केलीसोबत फेयार्ड व हॅरल्ड हे निकोलस बंधू नाचतात, आणि तिघांच्या कोलांट्या पाहताना कथानक विसरले तरी चालते. परंतु हे बंधू कृष्णवर्णीय असल्यामुळे अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही चित्रपटगृहांनी ते नृत्यच कापून टाकले. शिवाय एकूण चित्रपटापायी तो काढणाऱ्या एमजीएम कंपनीच्या तिजोरीस वीस लाख डॉलरांहून अधिक खोट बसली. याच नृत्यासाठी कोल पोर्टरने ‘बी अ क्लाउन’, म्हणजे ‘विदूषक हो’, हे गीत रचले होते, आणि १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मधील ‘मेक ’एम लाफ’ हे गाणे चालीने व बांधणीने त्याच्या इतके जवळ गेले की त्यास योगायोग म्हणण्यास मोठे मन लागते. त्या गाण्याचे शब्द आर्थर फ्रीडचे होते, ‘द पायरेट’चा निर्माताही फ्रीडच होता, आणि पोर्टरने कोर्टाची पायरी चढण्याचे टाळले. अशा रीतीने संपूर्ण चित्रपटात न सापडलेला चाचा अखेरीस श्रेयनामावलीत सापडतो.

समुद्राच्या ओढीने आलेल्या प्रेक्षकाने हा चित्रपट पाहू नये. केलीचे पाय पाहणाऱ्याने मात्र तो दोनदा पाहावा, कारण पहिल्या खेपेस कथानक मध्ये मध्ये येते.